समुद्रफुलं आणि ‘कॉपर निल’

भुरेनं सायकल भिंतीला टेकवली आणि लॅबच्या दारातूनच सांगितलं, “साहेब, काकूनं आत्ताच बलावलं तुमाले. मोठं फूल गोट्यावरून सुटलं म्हंते.”

माझ्या हातात ब्युरेट होतं, टायट्रेशन अर्धवट होतं. ते तसंच टाकून मी निघालो. टायट्रेशन पुन्हा करता येतं. परुळेकर साहेबांचं समुद्रफूल पुन्हा मिळालं नसतं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. मी एका बांधकाम कंपनीत केमिस्ट होतो. ती कंपनी आता उरली नाही. साइटवरच्या क्रेन आणि पंप चालवायला कंपनीनं एक लहानसं पॉवर हाऊस उभं केलं होतं. टर्बाइन सेकंडहँड, बॉयलर त्याहून जुना. बॉयलरमध्ये जाणारं पाणी रोज तपासायचं, हे आमचं काम. लॅबमध्ये माणसं तीन. चीफ केमिस्ट परुळेकर साहेब, मी आणि अटेंडंट भुरे. साहेब वेंगुर्ल्याकडचे, मी तुमसरकडचा, भुरे साकोलीचा. भुरे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण मी बी.एस्सी. झालेला, म्हणून मला साहेब म्हणायचा. मला ते आवडायचंही, खोटं कशाला सांगू.

मी प्रोबेशनवर होतो. वर्ष संपत आलं होतं. बांधकाम आटोपलं की कच्च्या माणसांना घरी पाठवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नोकरी पक्की होण्याला फार किंमत होती. माझा फॉर्म साहेबांच्या टेबलावर होता, फक्त सही बाकी होती. तेवढ्यात साहेबांना कंपनीच्या कामासाठी चार आठवडे कलकत्त्याला जावं लागलं. जाताना म्हणाले, “आल्यावर बघू. तोवर लॅब तुमची. आणि घरची टाकीसुद्धा.”

टाकीचं आधी सांगतो. साहेब पूर्वी विशाखापट्टणमला नोकरीला होते. तिथल्या खडकांवरची तीन समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन, त्यांनी भिलाईला आणली होती. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे. खाली एक मांसल बूड असतं, त्यानं तो दगडाला धरून बसतो. वर पाकळ्यांसारख्या सोंडा आणि मधोमध तोंड. झिंग्याचा तुकडा सोंडेला लावला की सोंडा वळून तो तोंडात नेतात. मोठं फूल बशीएवढं होतं आणि नऊ वर्षं त्या घरात होतं. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकू त्या फुलाशी बोलायच्या. साहेबही बोलायचे, पण कुणी नसताना.

समुद्र भिलाईपासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. खारं पाणी काचेच्या कार्बॉयमधून यायचं. ज्यातून आमच्याकडे ॲसिड येतं, ती टोपलीत बसवलेली मोठी बाटली म्हणजे कार्बॉय. ओळखीचा एक रेल्वे गार्ड ती वॉल्टेअरहून, म्हणजे विशाखापट्टणमच्या स्टेशनवरून, रायपूरपर्यंत आणून द्यायचा. टाकीची चौकट सागवानी, सांधे डांबरानं भरलेले. हवेसाठी सायकलची ट्यूब. रोज पंपानं फुगवायची आणि बारीक काचेच्या नळीतून तिची हवा दिवसभर पाण्यात सोडायची. जाताना साहेबांनी एक कागद लिहून दिला होता. त्यातली पहिली ओळ अधोरेखित होती: या पाण्यात धातू नको, पितळेची वाटीसुद्धा बुडवू नये. दुसरी ओळ: पाणी आटलं की काचेवरच्या लाल रेघेपर्यंत लॅबचं डिस्टिल्ड वॉटर भरावं, खारं पाणी भरू नये.

दुसऱ्या ओळीचं कारण मला कागदाशिवायही कळलं असतं. बॉयलरचा तोच नियम आहे. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. आटलेल्या जागी खारंच पाणी घातलं तर मीठ वाढत जातं. म्हणून भरायचं पाणी कोरं असावं लागतं. नळाला मरोद्याच्या तलावाचं पाणी येई. त्यात क्लोरीन असे, म्हणून तेही नको. भुरे एक दिवसाआड बाटली घेऊन साहेबांच्या क्वार्टरवर जायचा आणि रेघेपर्यंत पाणी भरायचा.

मी पोचलो तेव्हा काकू टाकीसमोर वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. मोठं फूल तळाला आडवं पडलं होतं, सोंडा आत ओढलेल्या, तोंड सैल उघडं. एक लहान फूल तर गेलंच होतं. त्याचा बुळबुळीत गोळा काकूंनी चमच्यानं काढून बशीत ठेवला होता. लाकडी चमच्यानं.

“हे गेले पंधरा दिवस खात नव्हतं नीट,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, ते गावाला गेलेत म्हणून असेल.”

मी त्यांना समजावलं की ॲनिमोनला कोण गावाला गेलं ते कळत नाही. त्यांना ते पटलं नाही. मग मी माझं काम सुरू केलं. हायड्रोमीटर सोडला. पाण्यात मीठ किती ते त्यानं कळतं. बरोबर होतं. थर्मामीटर बुडवला. ऑक्टोबर लागला होता, पण टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. पाणी थंड होतं. अमोनियासाठी नमुना लॅबमध्ये नेला. खाणं कुजलं की अमोनिया वाढतो. तोही नावापुरताच. हवेचे बुडबुडे येत होते. पुस्तकात जे जे असतं ते सगळं ठीक होतं आणि प्राणी मरत होता.

क्वार्टरवर एक कार्बॉय भरलेला होता. निम्मं पाणी काढून टाकलं आणि त्यातलं ताजं खारं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या फुलानं चार सोंडा बाहेर काढल्या. मी खूश झालो. ही सगळी कमाल स्वच्छ पाण्याची, असं ठरवून मी भुरेला सांगितलं की आता रोज जा आणि रेघेच्या जरा वरच भर. तीन दिवसांत फूल पुन्हा मिटलं आणि दुसरं लहान फूलही गेलं.

त्या दिवशी काकूंनी मला चहा दिला नाही. एरवी द्यायच्या.

“लांजेवार, मी रोज बघत बसते,” त्या म्हणाल्या. “तुमची बाटली ओतली की हे मिटतं. समुद्राच्या पाण्यानं उघडलं होतं.”

मला राग आला. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पाणी उकळायचं, त्याची वाफ थंड करायची आणि ते थेंब गोळा करायचे. सगळा गाळ, सगळे क्षार त्या उकळायच्या भांड्यात, म्हणजे स्टिलमध्ये, मागे राहतात. त्याहून शुद्ध पाणी अख्ख्या भिलाईत नव्हतं. मी म्हटलं, धातू असेल अशी शंका असेल तर तपासून दाखवतो. लॅबमध्ये गेलो आणि तपासलं.

ही तपासणी कशी होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाण्यात तांबं, म्हणजे कॉपर, अगदी थोडं असलं तरी एक लांब नावाचं रसायन घातल्यावर पिवळसर रंग येतो. आम्ही त्या रसायनाला नुसतं कार्बामेट म्हणायचो. रंग जितका गडद तितकं तांबं जास्त. रंग डोळ्यांनी न मोजता एका यंत्रात मोजतात, त्याला कलरीमीटर म्हणतात. पण आधी यंत्राला शून्य शिकवावं लागतं. त्यासाठी कोऱ्या पाण्यात तेच रसायन घालून ठेवतात आणि त्यावर सुई शून्याला लावतात. या कोऱ्या नमुन्याला ब्लँक म्हणतात. आमचा ब्लँक डिस्टिल्ड वॉटरचा असायचा.

मी डिस्टिल्ड वॉटरचा ब्लँक लावला, सुई शून्यावर आणली आणि मग डिस्टिल्ड वॉटरचाच नमुना तपासला. सुई शून्यावरून हलली नाही. हे मी बी.एस्सी. असून केलं. वर ‘कॉपर निल’ असा रिपोर्ट टाइप करून, खाली सही करून काकूंना नेऊन दाखवला.

काकूंनी कागद वाचला, घडी केली आणि विचारलं, “हे पाणी करता कशात?”

“तांब्याच्या स्टिलमध्ये.”

“कल्हई आहे आतून?”

“कथलाचा थर असतो आतून. कारखान्यातूनच लावून येतो.”

“असतो की आहे? आमच्याकडे आमटी कळकली की आम्ही आमटी नाही तपासत, भांडं बघतो.”

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे माझ्या आईलाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते स्वयंपाकघरात. लॅबमध्ये मला आठवलं नाही.

परत येऊन स्टिलचं झाकण काढलं. आत पांढरट कथील दिसायला हवं होतं. आत लालभडक तांबं होतं, नव्या हंड्यासारखं. बाहेरून तर ते चमकत होतंच.

“भुरे, हे आतून कोनं घासलं?”

“म्या. काहून, काय झालं?”

“कधी?”

“विश्वकर्मा पूजेच्या आंधी. तुमीच तं म्हनलं होतं, पूजेले मोठे साहेब येनार हाये, आतून बाहेरून चकचकीत पायजे म्हनून. मंग म्या चिंच अन् राखड लावून दोन दिवस घासत होतो. तुमी शाबासकी बी देली.”

दिली होती. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला भिलाईभर यंत्रांना हार घालतात, कुंकू लावतात. आमच्या लॅबमध्ये पूजा करण्यासारखं दिसायला भव्य असं ते स्टिलच होतं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. परुळेकर साहेबांनीही बाहेरून बघून बरं झालं म्हटलं आणि दोन दिवसांनी ते कलकत्त्याला गेले.

कपाटात मागे काचेच्या बुचाची एक बाटली होती, पूजेच्या आधी भरून ठेवलेली. तिच्या पाण्याचा ब्लँक केला आणि स्टिलचं ताजं पाणी तपासलं. कार्बामेट घातल्याबरोबर पाणी पिवळं झालं. यंत्राची गरजच नव्हती. भुरेलाही दिसलं.

टाकीत काय झालं ते आता उघड होतं. माणसाला चालेल एवढं तांबं या प्राण्यांना चालत नाही. पाणी आटायचं, तांबं मागे राहायचं, आणि आम्ही दर वेळी नवं आणून घालायचो. धातू नको म्हणून लाकडी चमचा वापरणाऱ्या घरात आम्ही बाटलीनं धातू नेऊन देत होतो.

पण मी स्टुलावर बसलो तो टाकीमुळे नाही. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते. त्याच्या नळ्या पितळी असतात. नळ्या झिजायला लागल्या की तांबं बॉयलरच्या पाण्यात उतरतं आणि बॉयलरलाही आतून खातं. आमचा कंडेन्सर जुना, म्हणून साहेबांनी रोज कॉपर तपासायला लावलं होतं. पूजेपासून माझा ब्लँकच तांब्याचा होता. त्यावर शून्य लावल्यामुळे बॉयलरच्या पाण्याचा नमुना ठेवला की सुई शून्याच्याही खाली जाऊन टेकायची. मी लिहायचो निल. वीस दिवस निल, खाली माझी सही. कंडेन्सर सुधारला म्हणून मी पॉवर हाऊसच्या इंजिनीअरला चहाही पाजला होता.

त्याच दिवशी जुन्या बाटलीच्या ब्लँकवर बॉयलरचं पाणी तपासलं. तांबं होतं, आणि पूजेच्या आधी असायचं त्याहून बरंच जास्त होतं.

भुरेला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं स्टिलचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, “साहेब, कल्हई लावून टाकू. दुर्गचा कल्हईवाला माया वयखीचा हाये. अन् आकडा रोज थोडा थोडा वाढवत न्या. एक हप्त्यात बराबर होऊन जाईल. कोनाले समजत नाई. मायीबी लेकरं हायेत, तुमची बी नोकरी कच्ची हाये.”

त्यानं जे सुचवलं ते माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं, हे कबूल करतो. आकडा कसा वाढवत न्यायचा याचा हिशेबही मी मनात केला होता. त्याच दुपारचा रिपोर्ट भरायला बसलो. कॉपरच्या रकान्यावर पेन टेकवलं. हा आकडा वाचून कुणीतरी कंडेन्सर उघडायचा की नाही ते ठरवणार होतं, आणि बॉयलरपाशी माणसं काम करत होती. मी खरा आकडा लिहिला. खाली लिहिलं, मागच्या वीस दिवसांचे आकडे चुकीचे, सविस्तर पत्र येत आहे. मग सायकलनं पॉवर हाऊसला जाऊन रिपोर्ट हातात दिला. इंजिनीअर सरदारजी होते. त्यांनी रिपोर्ट वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, चहा परत करू का. पण लोड कमी करायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला.

कल्हईवाला आला. नवसागराचा धूर लॅबभर झाला. भाता मारत, कापसानं कथील फिरवत त्यानं स्टिल आतून पांढरं करून दिलं. मोठं फूल आम्ही काचेच्या बरणीत, नव्या कार्बॉयच्या पाण्यात हलवलं आणि वर जुन्या बाटलीचं पाणी थेंब थेंब वापरलं. ते लगेच उघडलं नाही. काकू रोज बसून राहायच्या. मला चहा मिळायला लागला, पण त्या बोलत नव्हत्या.

साहेब परत आले ते सकाळी दुर्ग स्टेशनवरून थेट लॅबमध्ये. पत्र मी तयार ठेवलं होतं, पॉवर हाऊसला जाण्याआधी त्यांनी बघावं म्हणून. त्यांनी कोट न काढता ते उभ्यानंच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

“‘अटेंडंट श्री. भुरे यांनी घासताना स्टिलमधील कथलाचा थर काढून टाकला.’ हे तुम्ही लिहिलंय.”

“हो साहेब.”

“आतून घासायला त्यांना कुणी सांगितलं?”

“मी.”

“ते इथे दिसत नाही.”

वाक्य खोटं नव्हतं. थर भुरेनंच काढला होता. म्हणून ते लिहिताना मला काही वाटलंही नव्हतं. चार दिवसांत मी ते पत्र तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा भुरेचं नाव त्यात आलं आणि एकदाही माझं ‘चकचकीत पायजे’ आलं नाही.

“निलच्या रिपोर्टवर सही कुणाची?”

“माझी.”

“मग या माणसाचं नाव इथे कशाला?” त्यांनी ते वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलं. “ब्लँक तपासायची पद्धत मी घालून दिली नव्हती, तेही लिहा. पुन्हा टाइप करा. खाली माझ्या सहीला जागा ठेवा.”

मी टाइप केलं. त्यांनी माझ्या सहीखाली सही केली. मग टेबलावरचा माझा कन्फर्मेशनचा फॉर्म उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, “सहा महिन्यांनी.” कारण सांगितलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही. वीस दिवसांच्या चुकीसाठी सहा महिने, असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ते त्यासाठी नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला लाज वाटत होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

कंडेन्सर उघडला तेव्हा बऱ्याच नळ्या पातळ झालेल्या निघाल्या. त्यांची तोंडं बुचं मारून बंद केली. बॉयलर वाचला. समुद्रफूल महिन्याभरानं पुन्हा दगडाला चिकटलं. साहेबांची बदली झाली तेव्हा ते कार्बॉयमध्ये बसून त्यांच्याबरोबर गेलं. मी सहा महिन्यांनी पक्का झालो. माझ्याबरोबर लागलेला एक जण तेवढ्यात माझ्या पुढे गेला आणि पुढे मोठ्या कारखान्यात आम्ही दोघं लागलो तेव्हाही पुढेच राहिला. रिटायर होईपर्यंत मी त्याला सर म्हणत होतो.

भुरेही मोठ्या कारखान्यात आला, तिथूनच रिटायर झाला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्याला दोन शब्द बोलायला लावलं. तो म्हणाला, “त्या स्टिलच्या येळेस मायी नोकरी गेलीच होती. पन लांजेवार साहेबानं समदं आपल्या अंगावर घेतलं. कागदात माया नावाचा पत्ता लागू देला नाई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून त्याला हार घातला. त्यानं वाकून नमस्कार केला, मी त्याला धरून उभं केलं, आणि बोललो काहीच नाही.

पाण्याच्या धंद्यात मी पस्तीस वर्षं काढली. वाईट आकडा आला की केमिस्ट तीन-तीनदा तपासतो. चांगला आला की लगेच सही करतो. निरोपाच्या त्या दिवशी मी भुरेच्या बोलण्यावर तशीच सही केली.